जिल्हा दैनिकाचं मराठी बिघडलं, की वाचणारा माणूसच काढून टाकला?

जुना डेस्क
ज्या दैनिकात मी अकरा वर्षं उपसंपादक होतो, त्याचा अंक परवा हातात आला. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. पान चारवर एका महाविद्यालयाच्या वृक्षारोपणाची दोन कॉलमी बातमी. तिचं शेवटचं वाक्य असं : ‘तरी सदर वृत्त आपल्या लोकप्रिय दैनिकात विनामूल्य प्रसिद्ध करावे, ही विनंती.’

छापलंय. विनामूल्यच छापलं असणार म्हणा.

हसून झाल्यावर पोटात कालवलं. ही चूक कुणाला मराठी येत नाही म्हणून झालेली नाही. मेल आला तिथपासून अंक छापून बाहेर पडेपर्यंत ती बातमी एकाही माणसानं शेवटपर्यंत वाचली नाही, एवढाच तिचा अर्थ. मी लागलो तेव्हा वार्ताहराची कॉपी उपसंपादक दुरुस्त करायचा, मुद्रितशोधक वाचायचा आणि पान लागल्यावर मुख्य उपसंपादक प्रिंटवर पुन्हा नजर टाकायचा. आधी मुद्रितशोधक गेले. मग उपसंपादक निम्मे झाले. मजकूर येतो युनिकोडमध्ये, पान लागतं जुन्या फाँटमध्ये. बदलताना रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो आणि सकाळपर्यंत तिथंच बसून राहतो.

शुद्धलेखन तरी परवडलं. नगरपालिकेच्या टेंडरची बातमी ज्यानं काढायची, त्यालाच वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी नगराध्यक्षांकडून शुभेच्छांची जाहिरात आणायला लावतात. बातमी कशी होणार? ‘विकासकामांचा धडाका’ अशीच होणार.

शेवटच्या पानाच्या तळाशी अजून छापतात : वृत्तनिवडीची जबाबदारी पीआरबी कायद्यानुसार संपादकांवर. पीआरबी म्हणजे प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ बुक्स, वृत्तपत्रांच्या नोंदणीचा कायदा. १८६७ चा तो कायदा गेला, १ मार्च २०२४ पासून त्याच्या जागी नवा आला. स्वतःच्या जबाबदारीची ओळसुद्धा कुणी वाचत नाही.

तालुका बातमीदार
साहेब, अकरा वर्षं पगार घेतलात तेव्हा हे का नाही सुचलं? बाहेर पडल्यावर सगळ्यांनाच कंठ फुटतो.

मी तालुक्याला आहे. मानधन एवढं की आकडा सांगायला लाज वाटते. जाहिरातीच्या कमिशनवर घर चालतं. मोटारसायकलवर उभ्या उभ्या मोबाईलमध्ये बातमी टाइप करतो, त्यात ऱ्हस्व-दीर्घ काय बघू? तुम्ही एसीत बसून आमच्या कॉपीला हसायचात, ते आठवतंय मला.

हिशेबनीस
दोघांनाही एकच विचारतो, पैसे कुठून आणायचे? अंकाच्या किमतीत कागद-छपाईचा खर्चही निघत नाही. त्यातून एजंटचं कमिशन जातं. राहिल्या सरकारी जाहिराती आणि वाढदिवस. मुद्रितशोधक ठेवा म्हणणं सोपं आहे. अंक दुप्पट किमतीला केला तर तुम्ही घ्याल का? शेजाऱ्याचाच मागून वाचाल.

छोट्या दैनिकात काम करून गेलेला प्रत्येक जण ‘आमच्या वेळी’ म्हणतो. त्यांच्या वेळीही त्यांच्या आधीचे हेच म्हणत असणार.

चष्मेवाली
हिशेबनीस, किमतीचं पटलं. पण जुना डेस्क, तुमच्या मांडणीत एक भोक आहे. बातम्या तपासणाऱ्या माणसांनी डेस्क भरलेलं असलं की बातमी शुद्ध राहते, असं तुम्ही गृहीत धरता. २००९ ची विधानसभा निवडणूक आठवा. एकमेकांच्या स्पर्धक मराठी दैनिकांत एका नेत्याचा तोच गुणगौरव शब्दशः आला होता, वर बायलाइन, म्हणजे लिहिणाऱ्याचं नाव, वेगवेगळं. ती काही जिल्ह्याची चारपानी नव्हती. मोठी, माणसांनी भरलेली कार्यालयं होती. पैसे घेऊन छापलेल्या असल्या बातम्यांवर प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांच्या समितीनं २०१० मध्ये अहवाल दिला, तर कौन्सिलनं आधी त्याचा संक्षेपच बाहेर काढला, नावं वगळून. त्या लेखांत रफार बरोबर होते हो! सगळे जागच्या जागी!

जुना डेस्क
चष्मेवाली, हे मान्य. माझं म्हणणं थोडं मागे घेतो. डेस्क असलं म्हणजे विकलेली बातमी थांबतेच असं नाही. पण डेस्कच नसलं तर तिला आडवं येणारं कुणी राहत नाही. मालकाला निदान एका माणसाला तरी ‘हे लाव’ असं तोंडानं सांगावं लागतं.

हिशेबनीस, पैसे नव्हते हे अर्धसत्य आहे. वृत्तपत्रातल्या लोकांचे पगार ठरवणारा मजिठिया वेतन आयोग सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये कायम केला, तेव्हा आमच्यापुढे कलम २०-जे चा फॉर्म आला : मला आहे तोच पगार ठेवायचा आहे. सह्या झाल्या. २०१७ मध्ये कोर्टानं सांगितलं की असल्या फॉर्मच्या आडून आयोगापेक्षा कमी पगार देता येत नाही. तोवर निम्मे लोक गेले होते. त्याच वर्षी नवं चाररंगी मशीन बसलं, पेढे मीही खाल्ले.

बातमीदार, फॉर्मवर माझीही सही आहे. का नाही सुचलं, याचं उत्तर तेच.

हिशेबनीस
मशीन नसतं तर रंगीत जाहिरात आली नसती आणि तुमचा तो जुना पगारही निघाला नसता.

तालुका बातमीदार
सही केली हे कबूल केलंत, बरं वाटलं. आता माझं ऐका. एका उन्हाळ्यात मी टँकरची बातमी दिली होती. नोंदवहीत दिवसाला तीन खेपा, गावात येत होती एक. सरपंचाच्या विहिरीवर दोन रात्री बसलो होतो, वहीच्या पानाचा फोटो जोडला होता. दुसऱ्या दिवशी अंकात सिंगल कॉलम, नऊ ओळी : ‘पाणीटंचाईने ग्रामस्थ हैराण’. खेपांचा आकडा नाही, फोटो नाही. शेजारी अर्ध्या पानाचा वाढदिवस. त्या बातमीत एकही शब्द अशुद्ध नव्हता. डेस्कनं वाचली होती ना?

चष्मेवाली
जुना डेस्क, हे तुमच्याच काळातलं आहे का?

जुना डेस्क
माझ्याच काळातलं आहे. त्या रात्री पान माझ्याकडे होतं. जाहिरात सव्वाअकराला आली, बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती बाराला सोडायची होती. बातमी आधी निम्मी केली, तरी बसेना. मग खेपांचा परिच्छेद काढला, कारण आकड्यांवरून सकाळी फोन आला असता. ‘हैराण’ हे शीर्षक माझंच.

तालुका बातमीदार
फोन आला असता हे खरं. मला आलाच. नऊ ओळींवरूनही आला.