शिकाऊ पोरांना एफ१२ दाबू द्यावं का?

लातूरचा_मास्तर: क्लासमध्ये पीएचपी भाषा अन् तिचं लाराव्हेल फ्रेमवर्क शिकवतो. फंक्शनच्या नावावर कर्सर ठेवून एफ१२ दाबलं की व्हीएस कोड एडिटर थेट डेफिनिशनवर, म्हणजे ते फंक्शन जिथं लिहिलंय तिथं, नेऊन सोडतो. परवा एकाला विचारलं, ही फाइल कोणत्या फोल्डरातली? म्हणे, "माहीत नाही सर, एफ१२ नं आलो." पहिले तीन महिने हे बटण बंद करावं असं माझं मत. फोल्डर उघडा, पायी जा. वेरूळचं कैलास वरून खाली कोरलंय, कोडही कळसापासून वाचावा.

जालन्याची_जावावाली: कोरणारे वरून आले, बघणारा जमिनीवरूनच आत शिरतो ना सर? आमच्या जुन्या प्रोजेक्टात 'सेव्ह' नावाच्या मेथड, म्हणजे फंक्शनं, चाळीसच्या वर आहेत. नावानं शोधलं की सगळ्या हजर. आपली कोणती हे टाइप बघितल्याशिवाय कळत नाही, आणि ते लँग्वेज सर्व्हर, म्हणजे एडिटरला कोड समजावणारा प्रोग्राम, बघतो.

परभणी_टर्मिनल: त्याचं लै कौतुक नको. ४ जीबी रॅमवर तो इंडेक्स करायला बसला की माझा लॅपटॉप रडायलाय. विम एडिटर आणि सीटॅग्ज! कोडमधल्या नावांची यादी त्यानं एकदा बनवा, कंट्रोल आणि उजवा चौकोनी कंस दाबून जा, कंट्रोल-टी नं परत या. वर नेट पण लागत नाही.

जालन्याची_जावावाली: नेट लँग्वेज सर्व्हरला तरी कुठं लागतं, तो आपल्याच मशीनवर चालतो. एडिटरशी बोलायचा त्याचा प्रोटोकॉल २०१६ पासून खुला आहे, तुमच्या विमलाही जोडता येतो. रॅमचं मान्य. पण तुमची यादी कोड बदलला की शिळी, त्याचं काय?

परभणी_टर्मिनल: फाइल सेव्ह झाली की यादी परत बनते, दोन ओळींची सेटिंग आहे.

लातूरचा_मास्तर: मुद्दा राहिलाच. लाराव्हेलात कॅशेच्या 'गेट' मेथडवर एफ१२ दाबा. फसाडच्या, म्हणजे नुसत्या दर्शनी भागाच्या, फाइलीत पोचता, तिथं 'गेट' नाहीच, वर नुसती कॉमेंट. खरी मेथड कोडमधल्या 'रिपॉझिटरी' नावाच्या दुसऱ्या क्लासात. पोरगं कॉमेंटपाशी थांबतं अन् म्हणतं, "सर, आत काहीच नाही." आता सांगा, बटण कामून देऊ?

नांदेडची_नवशिकी: सर, मी तुमच्या पोरांच्याच वयाची. फाइलचा पत्ता एडिटरच्या वरच्या पट्टीत लिहिलेला असतो, तो वाचायला कुणी सांगितलंच नव्हतं. ऑल्ट-एफ१२ नं डेफिनिशन जागेवरच छोट्या खिडकीत उघडते, हेही उशिरा कळलं. विंडोजवर ऑल्ट आणि डावा बाण दाबला की आलो तिथं परत. तुम्ही परतायचं बटण शिकवलं होतं का?

लातूरचा_मास्तर: नाही शिकवलं. उद्याच शिकवतो. तीन महिन्यांचे दोन करतो, त्याखाली येणार नाही.