मदत हवी आहे: शॉर्ट स्क्वीझ आधी कसा ओळखायचा?

नाईटशिफ्ट: मंडळी, आज अंबडला ड्यूटीवर जायच्या आत उत्तर हवंय. काल एक शेअर सकाळपासून पडत होता, म्हणून शॉर्ट केला, म्हणजे हातात नसताना विकला. अडीचनंतर असा काही उडाला की विचारू नका. युट्यूबवाले म्हणतात शॉर्ट स्क्वीझ, म्हणजे शॉर्टवाले सगळे एकदम परत घ्यायला धावतात आणि भाव उडतो. हा आधी ओळखायला कोणता इंडिकेटर लावायचा? थिअरी नको, ती येते मला.

तेजीमंदी: कोणता शेअर? कॅश की फ्युचर (पुढच्या तारखेचा करार)? स्टॉपलॉस (ठरलेल्या तोट्याला बाहेर पडायची ऑर्डर) होता का?

गोदाकाठ: ओपन इंटरेस्ट, म्हणजे ओआय (फ्युचरमधले अजून न मिटलेले सौदे) बघा, बाकी सगळं झूट. भाव वर आणि ओआय खाली, म्हणजे शॉर्टवाले मिळेल त्या भावात माल घेऊन पळतायत. दोन्ही वर, तर नवी खरेदी. एनएसईच्या साइटवर फुकट दिसतं. मी सहा वर्षं दुसरं काही बघितलेलं नाही.

नाईटशिफ्ट: नाव सांगितलं तर हसाल. स्मॉलकॅप (छोटी कंपनी) आहे, एमआयएसमध्ये, म्हणजे त्याच दिवशी कापायच्या (परत घेऊन मिटवायच्या) सौद्यात केला होता. स्टॉपलॉस मनात होता.

तेजीमंदी: मनात! बरं, एफ अँड ओमध्ये (फ्युचर-ऑप्शनच्या यादीत) आहे का तो?

नाईटशिफ्ट: नाही.

तेजीमंदी: घ्या. गोदाकाठ, ज्याचं फ्युचरच नाही त्याचा ओआय कुठून आणायचा?

गोदाकाठ: मग असल्या शेअरात शॉर्ट करायला सांगितलं कुणी? माझी पद्धत बरोबरच आहे.

न्यूजर्सीकर: गेमस्टॉप या अमेरिकन शेअरचा अभ्यास करा. जानेवारी २०२१ मध्ये शॉर्ट केलेले शेअर बाजारात फिरणाऱ्या शेअरांपेक्षा जास्त होते. शॉर्ट इंटरेस्ट (शॉर्ट केलेल्या शेअरांचा आकडा) बघितला की आधीच कळतं.

तेजीमंदी: अहो, तिकडे तो आकडा महिन्यातून दोनदा जाहीर होतो आणि शॉर्ट महिनोन्महिने ठेवता येतो. इथे कॅशमधला इंट्राडे शॉर्ट त्याच दिवशी कापावा लागतो. त्यामुळे आपल्याकडे घड्याळ हाच इंडिकेटर. सकाळी पडलेला शेअर दुपारी नवा तळ करेना, व्हीवॅपच्या (दिवसाच्या व्हॉल्यूमनुसार काढलेल्या सरासरी भावाच्या) वर टिकला आणि व्हॉल्यूम वाढला, की समजा शॉर्टवाले अडकलेत. सव्वातीनच्या सुमारास ब्रोकर स्वतःच कापायला लागतात, त्याआधी सगळे दाराकडे धावतात. तेव्हा आपण बाहेर असावं.

लासलगावकर: प्रकार जुनाच आहे हो, आमच्या कांदा बाजारातला. व्यापारी गाडी भरून द्यायचा शब्द देऊन बसतो, माल हातात नसतो. रात्री पाऊस पडतो, सकाळी आवक निम्मी. मग ट्रॉलीभोवती तोच गडी क्विंटलमागे शंभर-शंभरनं चढवत जातो. बाजूचे नुसते बघतात.

गोदाकाठ: अवांतर: यंदा उन्हाळ कांदा चाळीत ठेवावा की काढावा?

एसआयपीकाका: सेबीच्या अभ्यासानुसार २०२२-२३ मध्ये कॅशमध्ये इंट्राडे करणाऱ्या दहापैकी सात जणांना तोटा झाला. इंडेक्स फंडात एसआयपी लावा, रात्री झोप लागते.

नाईटशिफ्ट: काका, रात्री मी कामावर असतो. एक सांगायचं राहिलं. शेवटी त्याला अप्पर सर्किट (दिवसाची वरची भावमर्यादा) लागलं. घेणारे दीड लाख, विकणाऱ्यांच्या रकान्यात शून्य. माझे २०० शेअर कापलेच गेले नाहीत.

तेजीमंदी: हे पहिल्या ओळीत सांगायचं ना राव! तुमचा प्रश्न स्क्वीझचा नाहीच, ऑक्शनचा आहे. काल विकलेला माल आज द्यायचा होता. तुमच्याकडे नाही, म्हणून एक्स्चेंज लिलावात घेऊन समोरच्याला देतं. तो भाव बाजारापेक्षा बराच वरचा असू शकतो. फरक आणि दंड तुमच्या माथी. लेजर (ब्रोकरकडचा तुमचा हिशेब) उघडा, खात्यात पैसे ठेवा.

नाईटशिफ्ट: पण आज सकाळी सर्किट सुटल्यावर मी २०० घेतले ना, द्यायला म्हणून.

तेजीमंदी: आजचे उद्या डीमॅटला येणार. कालच्या देण्याला त्यांचा उपयोग नाही.

नाईटशिफ्ट: मग ते २०० कशात धरायचे?

गोदाकाठ: लाँगमध्ये, म्हणजे घेऊन ठेवलेल्यांत. अभिनंदन.

नाईटशिफ्ट: कंपनीची बस आली. सकाळी बघतो.