१०१ घोडे आणि आमची पाणंद : कॅन-ॲम की पोलारिस?

जांबोटीचा पाऊस

एटीव्हीच्या, म्हणजे मोटारसायकलसारखं हँडल असलेल्या, रानात चालणाऱ्या चारचाकी गाड्यांच्या, या धाग्यावर टिळकवाडी टॉर्क यांनी परवा लिहिलं : ‘कॅन-ॲम आऊटलँडर १००० आर, ९९९ सीसी, १०१ हॉर्सपॉवर. पोलारिसची ती ट्रॅक्टर-पासिंगवाली स्पोर्ट्समन ५७०, म्हणे ३४. खेळणं आहे. शेतकऱ्यानं घ्यायची तर कॅन-ॲम, नाहीतर बैल पाळावेत. विषय संपला.’

तीन दिवस गप्प बसलो. आज लाइट नाही, पाऊस थांबायचं नाव घेत नाही, म्हणून लिहितोय. विषय संपवणारी माणसं मला तशीही आवडत नाहीत.

साहेब, हे १०१ घोडे तुम्ही पळवणार कुठं? आषाढात आमच्या पाणंदीचा ओढा झालेला असतो. तिथनं गाडी माणसाच्या चालीनंच जाते. १०१ पैकी ८० घोडे गोठ्यातच बसून असणार, पेट्रोल मात्र खाणार.

आणि ज्याच्यावर सगळं अवलंबून आहे ते तुम्ही लिहिलंच नाही : पट्टा. पोलारिस घ्या नाहीतर कॅन-ॲम, इंजिनाची ताकद चाकापर्यंत जाते ती रबरी पट्ट्यावरनं, स्कूटरसारखी. बोजा जास्त आणि वेग कमी झाला की पट्टा घसरतो, तापतो, जळतो. पट्ट्याच्या डब्यात पाणी शिरलं तर इंजिन नुसतं बोंबलतं आणि गाडी जागेवर. त्याच्यासाठीच हायच्या जोडीला लो गिअर, म्हणजे हळू पण जोरानं ओढणारा, दिलेला असतो, खरं टाकतंय कोण? आमच्या मित्रानं काजूच्या बागेसाठी एक गाडी आणली (कंपनीचं नाव घेत नाही, उगाच भांडण नको). जांभ्या चिऱ्यांची ट्रॉली जोडून हायमध्ये चढावर घातली. दुसऱ्या दिवशी पट्ट्याच्या चिंध्या. नवा पट्टा यायला चोवीस दिवस. तोवर चिरे कुणी ओढले, सांगा? बैलांनीच.

माझं मत विचाराल तर यामाहा ग्रिझली. ६८६ सीसी, एकच सिलिंडर. पट्टा तिच्यातही आहे, खरं तो कायम ताणलेला राहतो, त्यामुळं उतारावर सोडलं तरी इंजिन गाडीला धरून ठेवतं. कणकुंबीच्या उतारावर ज्यानं ब्रेक तापवलेत त्याला याची किंमत कळेल. नाहीतर होंडा रुबिकॉन. तिला पट्टाच नाही, सरळ गिअर. घोडे मोजणाऱ्यांना होंडा कधी दिसतच नाही.

टिळकवाडी टॉर्क

एवढा निबंध वाचला, मुद्दा एकच सापडला : तुमच्या मित्राला गाडी चालवता येत नाही. हायमध्ये चिरे ओढले तर रोल्स-रॉइसचाही क्लच जळेल. त्यात कॅन-ॲमचा काय दोष?

ओढायच्या क्षमतेचं तुम्ही सोयीस्कर विसरलात. नवी आऊटलँडर ८३० किलो ओढते. तुमची लाडकी ग्रिझली ६००. आकडे खोटं बोलत नाहीत. आणि तिचं रोटॅक्स कंपनीचं व्ही-ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरचं, इंजिन एकदा ऐका, मग बोला. कॅनडातल्या बर्फात तयार झालेली गाडी आहे, आपल्या चिखलाचं काय घेऊन बसलात?

रेगूर रावसाहेब

हसायला आलं. आमची बैलगाडी दीड-दोन टन ऊस घेऊन कारखान्यावर जाते, तिला कुणी हाय-परफॉर्मन्स म्हटलेलं ऐकलं नाही. ८३० किलो म्हणजे आमच्या एका बैलाच्या वाटणीचंच वजन झालं बघा.

आणि तुमचं हे चिखलाचं सगळं बोलणं खानापूरच्या लाल मातीचं. ती बिचारी पाण्यासारखी वाहून तरी जाते. अथणीकडं या. काळी माती म्हणजे काय ते चाकाला विचारा. पाऊस पडून दोन तास झाले की टायरच्या खाचा भरतात, मग चाकाचा लाडू होतो, मग तो लाडू मडगार्डला अडकतो. त्याच्यापुढं १०१ काय आणि ३४ काय.

शहापूर गॅरेज

रावसाहेबांशी सहमत, कधी नव्हे ते. चारही चाकं गुळगुळीत झाल्यावर फोर व्हील ड्राइव्ह करणार काय? पोलारिसचं मागचं चाक जागच्या जागी फिरायला लागलं की पुढची चाकं आपोआप जोर घेतात. कॅन-ॲमला पुढं व्हिस्को-लॉक, एक चाक घसरलं की पुढची दोन्ही चाकं आपोआप एकत्र बांधणारा. कावासाकी ब्रूट फोर्सला तेच काम हातानं करायला पुढच्या डिफ लॉकचा लिव्हर. तिन्ही चांगल्या आहेत. काळ्या मातीत तिन्ही बसतात. मोठ्या खाचांचे, लांब लांब गोट्यांचे टायर टाका, हवा थोडी कमी ठेवा, मडगार्ड उचलून घ्या. हे केलं तर स्वस्तातली गाडीही निघते.

आणि टॉर्कसाहेब, ‘कॅनडातल्या बर्फात’ म्हणताय खरं, इंजिन ऑस्ट्रियातलं आणि गाडी जुळते मेक्सिकोत, हुआरेझला. बर्फाचंच म्हणाल तर पोलारिसही १९५४ ला अमेरिकेत मिनेसोटात सुरू झाली आणि बर्फावरच्या गाड्या करतच मोठी झाली. बर्फ दोघांनाही आहे.

चंदगडी काजू

मुद्द्याचं बोला. पोलारिसची ५७० तेवढी २०१९ ला इथं ट्रॅक्टर म्हणून आली, ७ लाख ९९ हजारला. म्हणजे नंबर प्लेट लावून रस्त्यावर आणायची सोय. बाकीच्या आणल्या तरी शेताच्या कुंपणात फिरवायच्या. दोन वावरांच्या मध्ये डांबरी रस्ता असला की संपलं. माझी अर्धी बाग रस्त्यापलीकडं आहे. १०१ घोडे कुंपणाशी उभे राहून पलीकडं बघत बसणार का?

निपाणी तेवीस

पासिंगचा विषय निघाला म्हणून विचारतो : कुठलं पासिंग? केए का एमएच?

मी कोल्हापुरातनं एक जुनी जीप घेतली. एमएच ०९. घर निपाणीत, शेत निपाणीत, बायकोचं माहेर कागल. हायवेवरच्या एका नाक्यावर आठवड्यातनं दोनदा अडवायचे. ‘किती महिने झाले?’ बारा महिन्यांच्या वर दुसऱ्या राज्यात गाडी ठेवली की नंबर बदलायला लागतो, कायदाच आहे. बदलायला गेलो तर तिकडची एनओसी, इकडचा टॅक्स, तिकडचा परतावा आणि इकडं फाइल हरवली. सात महिने. शेवटी जीप विकली. घेणारा कागलचाच. आता रोज तीच जीप माझ्या दारावरनं बायकोच्या भावाला घेऊन जाते.

रेगूर रावसाहेब

तुमचं हे रडगाणं दर धाग्यावर ऐकतोय. टॅक्स भरायचा नाही आणि सीमेवर ढकलायचं. कायदा पुण्यातल्या माणसालाही तोच आहे.

निपाणी तेवीस

सीमेचं नाव मी काढलं का? मी जीपचं बोललो. तुम्हाला लगेच का टोचलं? पुण्यातला माणूस भाजी आणायला राज्य ओलांडतो काय?

चंदगडी काजू

बरोबर आहे. आम्हाला बाजार बेळगावचा, दवाखाना बेळगावचा, पोरांचं कॉलेज बेळगावात. कोल्हापूर लांब पडतं. एमएच ०९ घेऊन यायलो की पार्किंगला सुद्धा जरा बाजूला घ्या म्हणतात. खोटं वाटत असेल तर एक दिवस माझी गाडी चालवून बघा.

रेगूर रावसाहेब

मी अथणीचा. आई कन्नड, बाप मराठी, ट्रॅक्टर दोन्ही भाषा ऐकतोय. आम्हाला कुणी अडवत नाही, कारण आम्ही टॅक्स भरतो. एवढा त्रास होतोय तर इकडं येऊच नका की. बाजार चंदगडातही भरतोय.

निपाणी तेवीस

‘येऊच नका’ म्हणे! हे तुमच्या आज्याचं रान आहे काय? शब्द मागं घ्या.

टिळकवाडी टॉर्क

एटीव्हीचा धागा आहे हा. कुणीतरी आवरा.

निपाणी तेवीस

तुम्ही गप्प बसा ओ. ‘विषय संपला’ म्हणून हे सगळं तुम्हीच सुरू केलंय.

आबा, सेवानिवृत्त

पोरांनो, गाडीच्या एका फाइलचं काय घेऊन बसलाय? १९५६ पासून आम्हा सीमाभागवाल्यांचंच पासिंग पेंडिंग आहे. फाइल २००४ पासून सुप्रीम कोर्टात. तुमचे सात महिने म्हणजे काहीच नव्हं.

रावसाहेब, ‘येऊ नका’ हे तेवढं बरं बोलला नाहीत. माझा धाकटा जावई चंदगडचा आहे, त्याला मी काय सांगू?

रेगूर रावसाहेब

बरं, मागं घेतो. या. येताना काजू घेऊन या. टॅक्सवर मी तिथंच आहे.

हलशीची सून

एवढ्या पुरुषांत एकानंही विचारलं नाही की ही गाडी उलटली तर काय होतं.

आमच्या दिरांनी फवारणीसाठी एक घेतली होती. मागं शंभर लिटरची टाकी बसवली, अर्धी भरलेली. बांध आडवा ओलांडायला गेले. पाणी एका बाजूला धावलं आणि त्याच्यामागं गाडी. तीनशे किलोच्या वरचं धूड. हासडीचं हाड मोडलं, तीन महिने भाताला हात नाही. लावण मी आणि सासूबाईंनी काढली. गाडी कुठली होती ते सांगत नाही, कुठलीही असती तरी तेच झालं असतं. बांध सरळ चढायचा, आडवा नाही, आणि टाकी एकतर पूर्ण भरलेली नाहीतर पूर्ण रिकामी. हे कुणी शिकवलंच नव्हतं. विकताना फक्त हॉर्सपॉवर सांगितलं.

ऑस्ट्रेलियात शेतकरी अशाच गाड्यांखाली मरतात म्हणून तिथल्या सरकारनं ११ ऑक्टोबर २०२१ पासून प्रत्येक नव्या गाडीला मागं संरक्षक दांडी सक्तीची केली. होंडा, यामाहा, पोलारिस यांनी काय केलं? दांडीनं धोका कमी होतो हे आम्हाला पटत नाही म्हणाल्या आणि तिथं या गाड्या विकणंच बंद केलं. जांबोटीवाले भाऊ, तुमच्या दोन्ही लाडक्या त्यात आहेत.

जांबोटीचा पाऊस

ताई, हे माहीत होतं. लिहिलं नाही, चूक झाली. तरी उतारावर इंजिननं गाडी धरणं हीसुद्धा सुरक्षितताच आहे, एवढं म्हणू द्या.

हलशीची सून

म्हणा. उतारावर धरेल. बांधावर कोण धरतंय?

शहापूर गॅरेज

ताईंचं टाकीचं बोलणं शंभर टक्के. टाकीत आडव्या पट्ट्या घालून घ्या, पाणी डुचमळत नाही. आमच्याकडं करून मिळतंय. जाहिरात नव्हे. बरं, थोडी आहे.

आबा, सेवानिवृत्त

पोलारिसचं नाव निघालंय तर सांगतो. आयशर आणि पोलारिसनं मिळून २०१५ ला मल्टिक्स काढली होती, आठवतंय का कुणाला? डिझेल, पाच माणसं बसायची, मागं सामान, आणि गाडीतनंच तीन किलोवॅटपर्यंत वीज निघायची. माझ्या चुलतभावानं घेतली. त्याच्या पोरीच्या लग्नात ऐन वरातीला लाइट गेली, मंडपाचे दिवे मल्टिक्सवर लागले. वऱ्हाडी नवरदेवापेक्षा गाडीकडंच जास्त बघायलेत. २०१८ ला कंपनीनं ती बंद केली. आमच्या लोकांना खरं तर तीच पाहिजे होती. शेतकऱ्याला उड्या मारायच्या नसतात. पोतं न्यायचं असतंय आणि लाइट पाहिजे असतीय.

चंदगडी काजू

आबा, हत्ती आला तर मल्टिक्सनं काय केलं असतं? आमच्याकडं रात्री हत्ती, पहाटे गवे. तेव्हा पाणंदीतनं पळायला जोर लागतोच. तेवढ्यापुरतं टॉर्कसाहेबांचं पटतं. तेवढ्यापुरतंच.

टिळकवाडी टॉर्क

धन्यवाद. एक तरी माणूस निघाला.

जांबोटीचा पाऊस

टॉर्कसाहेब, शेवटचं विचारतो, राग मानू नका. तुम्ही आऊटलँडर किती दिवस चालवलीय?

टिळकवाडी टॉर्क

दिवस असं नाही.

जांबोटीचा पाऊस

मग?

टिळकवाडी टॉर्क

एका रिसॉर्टवर. पंधरा मिनिटं. गोल ट्रॅक होता, त्यांचा माणूस पुढं चालत होता. आणि ती आऊटलँडर होती का हे मला आता नक्की सांगता येत नाही. लाल होती. पण व्हिडिओ मी तुमच्या सगळ्यांपेक्षा जास्त बघितलेत.

रेगूर रावसाहेब

पुढं माणूस चालत होता! १०१ घोड्यांच्या पुढं एक माणूस. साहेब, नाद खुळा.

टिळकवाडी टॉर्क

हसा. तरी कागदावर कॅन-ॲमच वरचढ आहे. काळ्या मातीत नाही, पाणंदीत नाही, रस्त्यावर आणता येत नाही, उलटली तर धोका आहे, हे सगळं मान्य. कागदावर म्हणतोय मी.

शहापूर गॅरेज

कागद भिजवू नका म्हणजे झालं.

हलशीची सून

रविवारी आमची लावण आहे. कुणाकडं गाडी असेल तर रोपाच्या पेंढ्या खालच्या खाचरात पोचवायला या. कुठल्याही कंपनीची चालेल. लोमध्ये टाकून या, आणि बांध सरळ चढा.

टिळकवाडी टॉर्क

पेट्रोल कुणाचं?

निपाणी तेवीस

पासिंग कुठलं?