मदत हवी आहे: ख्रिस्ती असून रोजच्या जगण्यात सामर्थ्य का नाही? (रविवारच्या आत उत्तर पाहिजे)

शिरोली_शिफ्ट
सगळ्यांना सलाम. सरळ विषयावर येतो. जन्मापासून ख्रिस्ती आहे, आमच्या घरातली तिसरी पिढी. बाप्तिस्मा लहानपणी, दृढीकरण (मोठेपणी विश्वास जाहीर करायचा विधी) कॉलेजात असताना. सकाळी शास्त्रवाचन असतंय, रविवार चुकवत नाही, क्वायरमध्ये आहे, दशांश म्हणजे कमाईचा दहावा भाग देतो. पण सोमवारी गेटातून आत गेलो की सगळं संपतंय, मी आणि बाकीचे यात काडीचा फरक राहत नाही. बायबलात प्रेषितांची कृत्ये १:८ मध्ये सरळ लिहिलंय की पवित्र आत्मा आला की सामर्थ्य मिळेल. मग ते कुठं आहे? माझ्यातच काय कमी आहे की सगळ्यांचं असंच आहे आणि कुणी बोलत नाही? "विश्वास ठेव", "प्रार्थना वाढव" हे ऐकून झालंय, ते परत नको. नक्की काय करायचं ते सांगा. घाई आहे.

मिरजकर मावशी
सलाम बाळा. लग्न झालंय का, घरात कोण कोण असतं, कधीपासून असं वाटतंय? आणि गेट म्हणजे कसलं गेट? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार.

अग्निस्तंभ
प्रेज द लॉर्ड बंधू! उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. पाण्याचा बाप्तिस्मा झाला, आत्म्याचा झालेला नाही. पेन्टेकॉस्टला, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा आला त्या दिवसाआधी, १२० जण प्रार्थना करत थांबले होते, थांबले म्हणून मिळालं. आपल्याकडं तासाभराची उपासना झाली की सगळे चहाला पळतात. २१ दिवस उपास धरा, रात्रभराच्या प्रार्थनेला या, हात ठेवून प्रार्थना करू, अन्य भाषा, म्हणजे न शिकलेली भाषा आत्म्यानं तोंडात आली की खात्री पटेल. माझं स्वतःचं असंच झालं, त्याआधी मी पण नुसता रविवारचा ख्रिस्ती होतो. तुमच्या मंडळीत हे कुणी शिकवणार नाही.

जुना_ऑर्गन
अग्निस्तंभ, "तुमच्या मंडळीत" म्हणजे काय? १८५२ साली मिशनरी वायल्डर साहेब कोल्हापुरात आले तेव्हापासून इथं उपासना चालू आहे. पवित्र आत्मा काय तुमच्या हॉलबरोबर कोल्हापुरात आला? १ करिंथ १२ च्या शेवटी पौल विचारतो, सगळेच भाषा बोलतात का? त्याचं उत्तर "नाही" असंच आहे. आणि त्याच अध्यायात १३ वं वचन बघा, आपण सगळे एकाच आत्म्यानं एका शरीरात बाप्तिस्मा पावलोय. धागा काढणाऱ्याला उगाच अर्धा ख्रिस्ती ठरवू नका.

शिरोली_शिफ्ट
भाषेवर भांडू नका राव, दर वेळी हेच होतंय. मावशी, लग्न झालंय, बायको सात महिन्यांची गरोदर आहे, आई आमच्याजवळच असते. घरात काही त्रास नाही. कधीपासून म्हणाल तर दिवाळीपासून जास्त. आणि घाई यासाठी की रविवारी तरुण संघात मला साक्ष द्यायला, म्हणजे स्वतःचा विश्वासाचा अनुभव सांगायला सांगितलंय, विषय "दैनंदिन जीवनात पवित्र आत्म्याचे सामर्थ्य". पाळकसाहेबांनी स्वतः नाव सुचवलंय, नाही म्हणता आलं नाही. जे नाहीच त्यावर उभं राहून काय बोलू?

पालवी
असं विचारते म्हणून राग मानू नका, मी नर्स आहे. शिफ्ट कुठली असते? झोप किती होते? बी १२, थायरॉईड कधी तपासलंय का? आमच्याकडं किती तरी जण "देव दूर गेलाय" म्हणत येतात आणि त्यांची महिनोन्महिने धड झोप झालेली नसते. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा झाडाखाली पडून "मला मरण दे" म्हणतो तेव्हा देवदूत त्याला आधी भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, परत उठवून परत खायला देतो. देवाचं दर्शन मग होरेब डोंगरावर, ४० दिवस चालून गेल्यावर. २१ दिवसांचा उपास सांगायच्या आधी माणूस जेवतोय की नाही हे तरी विचारा.

अग्निस्तंभ
ताई, गोळ्यांनी आत्मा मिळत नाही.

पालवी
मिळतो असं मी कुठं म्हटलं? उपाशी आणि जागरणातल्या माणसाला अजून जागवू नका एवढंच म्हणतेय.

शिरोली_शिफ्ट
जनरल शिफ्ट आहे ताई. झोप येत नाही हे खरं. पण त्याला कारण आहे.

पन्हाळा_रोड
साक्ष द्यायची असेल तर सोपं आहे भावा. सुरुवातीला एक वचन, मग स्वतःचा एक अनुभव, शेवटी एक गाणं. दहा मिनिटांच्या वर जाऊ नको, पोरं मोबाईल काढतात. आणि माईक आधी टेस्ट करून घे, आमच्या हॉलमध्ये लई घुमतो.

निवृत्त_मास्तर
धागा सकाळीच वाचला, निवांत लिहितो. शिरोली_शिफ्ट, तुम्ही विचारता ते तुम्हालाच पहिल्यांदा वाटलेलं नाही. पंडिता रमाबाईंचंच बघा. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. संस्कृत तर होतंच, शास्त्राचा अभ्यास होता, १८८९ ला मुंबईत शारदा सदन काढलं, विधवांसाठी सगळं आयुष्य वाहिलं होतं. असल्या बाईनं पुढं स्वतःच्या साक्षीत सांगितलंय की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ज्याच्यावर तो धर्म उभा आहे तो ख्रिस्त मिळाला नव्हता. हे त्यांना उमगलं ते बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी. मधल्या वर्षांत त्या ढोंगी होत्या का? अजिबात नाही. प्रामाणिकपणे शोधत होत्या, कामही करत होत्या. म्हणून "मी क्वायरमध्ये आहे, दशांश देतो, तरी कोरडा का" हे ऐकून तुमच्या विश्वासावर शंका घ्यावी असं मला वाटत नाही. उलट ज्याला कोरडेपणा बोचतो तो जिवंत आहे. मंडळीत मला काळजी वाटते ती ज्यांना वर्षानुवर्षं काहीच बोचत नाही त्यांची.
दुसरं, तुम्ही सामर्थ्य नाही म्हणता, पण ते कशासाठी हवं ते कुठंच सांगितलेलं नाही. राग आवरायला? व्यसन सोडायला? की नुसतं आत काहीतरी भरून आल्यासारखं वाटावं म्हणून? दुकानात जाऊन "काहीतरी द्या" म्हणत उभं राहिलं तर दुकानदार काय देणार? कृत्ये १:८ पूर्ण वाचा. सामर्थ्य मिळेल आणि तुम्ही माझे साक्षी व्हाल, असं एका दमात म्हटलंय. ते सामर्थ्य एका कामासाठी आहे.

अग्निस्तंभ
मास्तर, रमाबाईंचं नाव काढलंत तर पुढचं पण सांगा की. १९०५ ला केडगावला त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये संजीवन, म्हणजे विश्वासाची नवी जागृती झाली, मुली रडत पापं कबूल करत होत्या, तासन्‌तास प्रार्थना चालायची. अमेरिकेतलं अझुसा स्ट्रीटचं प्रसिद्ध संजीवन १९०६ चं, म्हणजे आपलं महाराष्ट्रातलं त्याच्या आधीचं! आणि ते आपोआप झालं नाही, रमाबाईंनी आधी कित्येक महिने मुलींना रोज प्रार्थनेला बसवलं होतं. मी थांबून प्रार्थना करा म्हणतो ते हेच.

निवृत्त_मास्तर
बरोबर आहे, आणि प्रार्थनेचं तुमचं म्हणणं मला मान्य आहे. फक्त अन्य भाषा हीच एकमेव खूण आहे असं रमाबाईंनी मानलं नाही, तेही सांगायला पाहिजे. आणि त्या मुलींचं जगणं बदललं यावर त्यांचा भर होता.

जुना_ऑर्गन
तेच म्हणतोय मी. आता आमच्याकडं पण ड्रम आणलाय, आवाज वाढला की आत्मा आला असं समजतात. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचे अभंग पेटी आणि मृदंगावर म्हणायचे ते पोरांना येईनासे झालेत. टिळक म्हणायचे की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडं आलो. तो पूलच आपण मोडून टाकलाय.

पन्हाळा_रोड
ड्रमचा काय संबंध इथं? आमच्यात ड्रममुळंच पोरं यायला लागली.

स्टेशनरोड
केडगावला जायचं असेल तर कोल्हापूरहून पुण्याला जा, तिथून दौंडकडं जाणारी गाडी धरा, केडगाव स्टेशन मध्येच लागतं. नगरजवळचं केडगाव वेगळं, तिकडं जाऊ नका. आमचे पाहुणे एकदा तिकडंच गेले होते.

मिरजकर मावशी
अरे केडगावला जायचंय कुणाला? तो पोरगा म्हणतोय झोप येत नाही आणि त्याला कारण आहे, आणि तुम्ही ड्रमवर बोलताय. बाळा, दिवाळीपासून काय झालंय गेटाच्या आत?

शिरोली_शिफ्ट
मावशी, हे लिहायचं नव्हतं. पण तुम्ही धरूनच ठेवलंय तर सांगतो.
मी एका फाउंड्रीत स्टोअरला आहे, नाव घेत नाही. स्क्रॅपच्या गाड्या येतात, त्यांचं इनवर्ड, म्हणजे आत आलेल्या मालाची नोंद माझ्याकडं. दिवाळीपासून एका पार्टीच्या गाडीत वजनकाट्याची पावती एक सांगतेय आणि इनवर्डला वेगळा आकडा चढवला जातोय, जास्तीचा. आमचे मॅनेजर आणि ती पार्टी यांचं आपसात आहे. मालकांना माहीत नाही असं मला वाटतंय, नक्की नाही. आतापर्यंत ती एन्ट्री दुसरा करत होता, तो सोडून गेला. आता या महिन्यापासून सही मी करायची म्हणतात. अजून केलेली नाही, दोन गाड्या लांबवल्यात. मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाला, "तुझा येशू पगार देणार आहे का?" सगळे हसले आणि मी पण गप्प खाली बघत उभा राहिलो. फ्लॅटचा हप्ता आहे, बायकोची तारीख जवळ आलीय. रोज सकाळी प्रार्थना करून जातो की आज बोलेन, आणि गेटात गेलो की जीभ उचलत नाही. म्हणून विचारलं, सामर्थ्य कुठं आहे.

तांबडापांढरा
मी ख्रिश्चन नाही, माळकरी आहे, इतका वेळ नुसता वाचत होतो. पण गोकुळ शिरगावला वीस वर्षं परचेसला काढलीत म्हणून सांगतो. सही अजिबात करू नको. एकदा केलीस की तू त्यांचा झालास, मग उद्या प्रकरण बाहेर आलं तर मॅनेजर हात वर करतोय आणि कागदावर नाव तुझं. काट्याच्या पावत्यांवर गाडी नंबर आणि तारीख असते, कुठली गाडी कधी आली ते तुझ्या डायरीत लिहून ठेव. मालकाला भेटायचं तर एकट्यात आणि कागद घेऊन, मॅनेजरवर आरोप न करता. "हा आकडा आणि हा आकडा जुळत नाही, मी कुठला चढवू?" एवढंच विचारायचं. मालक सामील असला तर तेव्हाच कळेल.

निवृत्त_मास्तर
आता खरा प्रश्न कळला. तो पहिल्याच पोस्टमध्ये आला असता तर एवढं लांबलं नसतं, असो.
येशूचा शिष्य पेत्र याच्याकडं बघा. मुख्य याजकाच्या वाड्यात एका दासीनं विचारलं, तूही त्याच्याबरोबर होतास ना, आणि हा गडी नाही म्हणाला, शपथा घेतल्या. तुमच्या मॅनेजरपुढं तुम्ही गप्प बसलात, पेत्र तर खोटं बोलला होता. तोच पेत्र कृत्ये ४ मध्ये न्यायसभेपुढं उभा राहून बोलतो, आणि त्याला धमकी देऊन सोडतात. मग मंडळी जमून प्रार्थना करते. त्या प्रार्थनेत, २९ व्या वचनात, ते धमक्या थांबव असं मागत नाहीत. धमक्यांकडं बघ आणि आम्हाला धैर्यानं बोलू दे, असं मागतात. आणि ३१ व्या वचनात ते परत पवित्र आत्म्यानं भरतात. परत! तीच माणसं, पेन्टेकॉस्ट झालेली. म्हणजे एकदा भरून आयुष्यभर पुरतं असं काही नाही, काम पुढं आलं की त्या कामासाठी मागायचं.
आणि लूक ३ मध्ये जकातदार बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाला विचारतात, आम्ही काय करावं? तो म्हणतो, ठरवून दिलंय त्याहून जास्त घेऊ नका. तुमच्या इनवर्डच्या रजिस्टरला हेच लागू आहे.

शिरोली_शिफ्ट
मास्तर पटतंय. पण देवानं धैर्य दिलं आणि नोकरी गेली तर? पेत्राला तुरुंगातून देवदूतानं काढलं, मला कोण काढणार?

जुना_ऑर्गन
नोकरी राहीलच असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. कृत्ये १२ एकाच अध्यायात बघा. सुरुवातीला हेरोद राजा येशूचा शिष्य योहान याचा भाऊ याकोब याला तलवारीनं मारतो, नंतर पेत्र सुटतो. मंडळी तीच, देव तोच. याकोबाचा विश्वास कमी होता असं तिथं एका शब्दानं म्हटलेलं नाही. पौलानं शरीरातला काटा (सलणारा त्रास) काढ म्हणून देवाला तीनदा विनंती केली, काटा राहिला, कृपा मिळाली. सामर्थ्य म्हणजे सगळं आपल्या मनासारखं होणं, हे आपल्याला कुणीतरी शिकवलंय आणि त्यामुळंच निम्मी मंडळी स्वतःला दुबळी समजत बसलीय.

अग्निस्तंभ
बंधू, मी आधी जे लिहिलं ते तुमची अडचण माहीत नसताना लिहिलं. आत्म्याच्या बाप्तिस्म्याबद्दल माझं मत तेच आहे. पण तुम्ही उपास धरू नका, तुम्हाला कामावर डोकं ताळ्यावर पाहिजे. तुमच्या वतीनं मी आणि आमच्यातले दोघं-तिघं धरतो.

पालवी
आणि बायकोला सांगितलंय का हे? सातव्या महिन्यात तिला बाहेरून कळलं तर जास्त त्रास होईल.

शिरोली_शिफ्ट
नव्हतं सांगितलं. आज जेवण झाल्यावर सांगितलं. ती म्हणाली मला वाटतच होतं काहीतरी आहे, आणि म्हणाली सही करू नकोस, हप्त्याचं बघू. आई पण तिथंच होती. तिघांनी मिळून प्रार्थना केली, घरात अशी एका गोष्टीचं नाव घेऊन केलेली प्रार्थना मला आठवत नाही. आमची प्रार्थना म्हणजे आशीर्वाद दे, आरोग्य दे, सगळ्यांना सांभाळ.
भीती गेली म्हणाल तर नाही. मालकांच्या केबिनला फोन करून वेळ मागितली, फोन धरलेला हात थरथरत होता. पण मागितली. तांबडापांढरा दादा, पावत्यांचं तुम्ही सांगितलं तसं लिहून काढतोय. रविवारचं मी पाळकसाहेबांना सांगितलं की विषयावर बोलेन, पण जे चाललंय तेच बोलेन, कंपनीचं नाव न घेता. ते म्हणाले चालेल, मी आधी घरी येऊन जातो.

मिरजकर मावशी
शाब्बास. शुक्रवारी आमच्या महिला मंडळात नाव न घेता विषय ठेवते. भेट कधी आहे तेवढं सांग.

शिरोली_शिफ्ट
शुक्रवारीच मावशी, सकाळी ११ वाजता. त्याच वेळेला करा.