उन्हात पेट्रोलवर गाडी स्टार्टच होईना, फ्यूल पंप दुसऱ्यांदा बदलू का?

टॉवेलवाला_एमएच१३
नमस्कार मंडळी, माझी २०११ मॉडेलची छोटी मालगाडी आहे, पेट्रोल-सीएनजी, दीड वर्षापूर्वी सेकंडहँड घेतली. अक्कलकोट रोड एमआयडीसीतनं टॉवेल अन् चादरीचे गठ्ठे भरून तुळजापूर, लातूर असं रोजचं काम. गाडी पेट्रोलवरच स्टार्ट होते अन् मग गॅसवर जाते. सकाळी एकदम ओके, पण दुपारी माल उतरवून परत किल्ली मारली की सेल्फ जोरात फिरतो, इंजिन काय पकडत नाही. अर्धा-पाऊण तास सावलीत थांबलं की चालू होते. एकदा गॅसवर गेली की काही तक्रार नाही. चार महिन्यांपूर्वी हाच त्रास होता तेव्हा गॅरेजवाल्यानं टाकीतला पंप बदलला, साडेचार हजार गेले, थंडीत बरी चालली अन् ऊन वाढल्यावर परत तेच. काल तामलवाडीच्या पुढं भर उन्हात दीड तास उभा होतो, सोबत पोरगं होतं बारा वर्षांचं. आता वायरमन म्हणतोय पंपाचा कपलर (वायर जोडायचा प्लग) काढून मीटर लावला तर १२ व्होल्ट बरोबर येतंय, म्हणजे पंपच गेलाय, नवीन टाका. परत पैसे घालू का? फ्यूज बघितला, १५ चा आहे, शाबूत आहे.

बार्शीरोड_पिकअप
फिल्टर बदलला का शेवटचा कधी? माझ्या गाडीला सेम झालं होतं, फिल्टर चोक होता. अन् टाकीत पेट्रोल किती ठेवतोस दादा? गॅसवर चालतेय म्हणून आपण दोनशेचं पेट्रोल टाकून महिना काढतो, पण टाकीतला पंप थंड राहतो तो पेट्रोलमुळंच, टाकी रिकामी असली की गरम होतो. काही गाड्यांत गॅसवर असताना पण तो फिरतच असतो.

टॉवेलवाला_एमएच१३
फिल्टर पंपासोबतच नवा टाकलाय. पेट्रोल कमीच असायचं हे खरं, आता पाव टाकीच्या खाली येऊ देत नाही.

वायरिंगवाले_अण्णा
थांब, पंप घेऊ नको अजून. कपलर काढून मोजलेल्या १२ व्होल्टवर माझा विश्वास नाही, अन् तू पण ठेवू नको. मीटर स्वतः करंट जवळजवळ घेतच नाही, त्यामुळं वायरीतली एकच तार शिल्लक असली किंवा जॉइंट गंजून काळा पडला असला तरी मीटर १२ च दाखवणार. पंप जोडला की तो चार-पाच अँपियर मागतो, अन् तेव्हा त्या खराब जागी व्होल्टेज पडतं. म्हणून कपलर जोडलेला ठेवून, पंप फिरत असताना, मागनं पिन घालून मोजायचं. मी तीस वर्षं हेच काम करायलोय, चांगले पंप भंगारात गेलेले बघून जीव तुटतो.

आधी सोपं बघ. जेव्हा स्टार्ट होत नाही तेव्हाच किल्ली ऑन कर, सेल्फ मारू नको, टाकीकडं कान लाव. दोन-तीन सेकंद घुंईं असा आवाज येऊन थांबला पाहिजे, इंजिन फिरल्याचा सिग्नल मिळाला नाही की ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) पंप बंद करतो, ते नॉर्मल आहे. आवाज आहे, नाही, का आहे पण मेल्यासारखा आहे, ते सांग. फ्यूल पंपाचा रिले (पंपाचा करंट चालू-बंद करणारी डबी) काढून त्याच नंबरचा हॉर्नचा रिले तिथं लावून बघ. पिना सारख्या आहेत का ते मात्र नीट बघून.

टॉवेलवाला_एमएच१३
अण्णा आज दुपारी दोनला परत तसंच झालं, तुम्ही सांगितलं तसं केलं. आवाज येतोय पण बारीक, सकाळी जसा खणखणीत असतो तसा नाही. रिले बदलला, फरक नाही, टिक वाजतोय दोन्ही.

वायरिंगवाले_अण्णा
मग रिले अन् ईसीयूचा कंट्रोल बहुतेक सुटला त्यातनं. आता वायरमनला सोबत घे अन् गाडी अशीच गरम असताना हे कर. रिले काढून सॉकेटच्या ३० (बॅटरीकडनं येणारी) अन् ८७ (पंपाकडं जाणारी) नंबरच्या पिनांमध्ये फ्यूज असलेली वायर टाका, १० किंवा १५ चा फ्यूज, म्हणजे पंप न थांबता फिरत राहील अन् मोजायला वेळ मिळेल. मोकळ्या जागी करा, टाकीचं झाकण बंद, पेट्रोलचा वास येत असेल तर वायरीला हातच लावू नका, टाकीजवळ ठिणगी उडवून बघायची सवय काही जणांना असते ती जिवावर येते. मग पंपाच्या दोन्ही पिनांवर किती येतंय ते, बॅटरीच्या मायनसपासून पंपाच्या मायनस पिनपर्यंत किती पडतंय ते, अन् बॅटरीच्या प्लसपासून पंपाच्या प्लसपर्यंत किती ते. अर्थिंगला म्हणजे मायनसला पाव व्होल्टच्या आत पाहिजे, प्लसला अर्ध्याच्या आत. बॅटरीचं पण लिही.

मंगळवेढेकर
मी पण हे वाचायलोय, माझ्याकडं पण अशीच गाडी आहे. अण्णा, मग गॅसवर चांगली कशी चालते?

वायरिंगवाले_अण्णा
गॅसवर पेट्रोलच्या प्रेशरची गरजच नाही ना. अडचण फक्त स्टार्टच्या वेळी. सेल्फ फिरताना बॅटरी स्वतःच दहा-साडेदहावर येते, त्यात वायरीत तीन व्होल्ट गेले तर पंपाला सात उरतात, त्यात प्रेशर बनत नाही. एकदा इंजिन चालू झालं की अल्टरनेटर चौदाच्या आसपास देतो, तेव्हा खराब वायरीवर पण ढकललं जातं. अन् तापलेला जॉइंट थंड जॉइंटपेक्षा वाईट, त्यात उन्हानं पाईपात पेट्रोलची वाफ धरते, तेव्हा तर पूर्ण प्रेशर पाहिजे असतं.

टॉवेलवाला_एमएच१३
केलं सगळं. बॅटरी १२.४. पंपाच्या पिनांवर ८.६!! अर्थिंगला ०.१५. प्लसला ३.६. वायरमन स्वतः गप बसला दोन मिनिटं, मग म्हणाला परत मोजू, परत तेच. रिलेच्या ८७ पर्यंत फक्त ०.३ पडतंय, बाकी ३.३ रिलेपासून टाकीपर्यंतच्या वायरीत.

वायरिंगवाले_अण्णा
शाब्बास. आता ती वायर हातानं चाचपत जा. कुठंतरी टेप गुंडाळलेली दिसेल. एक विचारतो, आधीच्या मालकानं चोर स्विच, म्हणजे गाडी चोरीला जाऊ नये म्हणून लपवून लावतात तो, बसवलाय का?

टॉवेलवाला_एमएच१३
अण्णा तुमच्या पाया पडतो. स्टेअरिंगखाली चोर स्विच होता, मला माहीतच नव्हता, कायम ऑनच पडलेला. पंपाची मेन प्लस वायर कापून दिव्याच्या बटणासारखा बारका स्विच लावलेला, वायर पण मोबाईल चार्जरच्या वायरीएवढी, नुसती पिळून टेप मारलेली. स्विच हाताला चटका बसेल इतका गरम, एका बाजूनं प्लास्टिक वितळलंय. तो काढून वायर तात्पुरती सरळ जोडली तर पंपावर १२ आले, भर तीन वाजता पहिल्या सेल्फला गाडी चालू. पोरगं नाचत होतं शेजारी. पण मला चोर स्विच पाहिजे, गाडी रात्री रस्त्यावरच लावावी लागते. कसा लावू?

वायरिंगवाले_अण्णा
लाव की, पण पंपाच्या लाईनीत नको. रिलेच्या कॉइलच्या (रिलेला चालू करणाऱ्या) लाईनीत लाव, ८५ किंवा ८६ ची वायर, तिथनं पाव अँपियर पण जात नाही, बारका स्विच आयुष्यभर टिकेल. अन् कापलेल्या मेन वायरीत अडीच एमएमचा तुकडा घाल, सोल्डर कर, वरनं हीट स्लीव्ह, नुसतं पिळून टेप नको. काम झाल्यावर परत लोडवर, म्हणजे पंप फिरत असताना, मोज, अर्ध्याच्या आत आलं पाहिजे. अन् जुना पंप टाकून दिलास का रे?

टॉवेलवाला_एमएच१३
नाही अण्णा, घरी माळ्यावर पडलाय डब्यात.

वायरिंगवाले_अण्णा
जपून ठेव. मला वाटतं तो पण चांगलाच असणार.