स्टीलचं ताट गार, पोळपाट नाही, पण थर्मामीटर दोन्हीकडे १९ च दाखवतो?

नाशिकला सध्या मस्त थंडी पडलीये. आज सकाळी पोळ्या करायला घेतल्या तर ओट्यावर रात्रभर पडून असलेलं ताट हाताला एकदम गारठ्ठ लागलं आणि त्याच्याच शेजारचा लाकडी पोळपाट अजिबात नाही. लेक सातवीत आहे, ती म्हणाली ताटाचं तापमान कमी असणार. विरजणासाठी आणलेला थर्मामीटर होता तो दोन्हीला टेकवून बघितला तर दोन्हीकडे १९! मग हाताला वेगळं का लागतं? तिला नीट सांगायचंय, प्लीज कोणीतरी समजवा.

प्रतिसाद १
थर्मामीटर बरोबर आहे. आपल्या हाताला वस्तूचं तापमान कळत नाही, हातातली उष्णता किती भराभर निघून चाललीये ते कळतं. तळवा साधारण ३२-३३ डिग्री, ताट १९, म्हणजे उष्णता हाताकडून ताटाकडे जाणारच, पोळपाटाकडेही जाते पण लाकूड ती आत पुढे सरकू देत नाही, त्यामुळे बोटाखालचा तेवढाच भाग पटकन कोमट होतो आणि हातातून उष्णता जाणं मंदावतं. स्टील मात्र घेतं आणि पसरवत राहतं. उष्णतावाहकता (म्हणजे वस्तूतून उष्णता किती सहज पुढे जाते ते) बघा, लाकडाची ०.१५ च्या आसपास, स्टेनलेस स्टीलची १५, म्हणजे जवळपास शंभरपट, आणि ॲल्युमिनियमची तर दोनशेच्या वर. भांडी घासून आलेल्या गार हाताने पोराचं कपाळ बघितलं की ताप नसतानाही गरम लागतं ना, तेही हाताच्या याच सवयीमुळे.

प्रतिसाद २
लेकीला बर्फाचा प्रयोग नक्की करायला लावा!! ताट पातळ असतं म्हणून ॲल्युमिनियमचा जाड तवा घ्या, एक खडा तव्यावर, तेवढाच एक पोळपाटावर. आधी विचारा कुठला लवकर वितळेल. बहुतेक मुलं पोळपाट म्हणतात कारण तो उबदार वाटतो.

मूळ प्रश्नकर्ती
केला आत्ताच! तीही पोळपाटच म्हणाली होती आणि तव्यावरचा खडा ठेवल्या ठेवल्या घसरायला लागला, बघता बघता नुसतं पाणी, पोळपाटावरचा अजून तसाच बसलाय. म्हणजे तवा बर्फाला उष्णता देतोय आणि हाताची घेतोय, बरोबर ना? आता तिचा पुढचा प्रश्न, मग उन्हाळ्यात काय?

प्रतिसाद १
एकदम बरोबर. १ ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी लागतात, तवा त्या सगळीकडून ओढून आणून देतो, लाकडाला ते जमत नाही.

प्रतिसाद ३
उन्हाळ्याचं मी सांगतो, मी अकोल्याचा. मे मधे दुपारी घरातच ४२-४३ होतं तेव्हा सावलीतल्या कपाटाचं लोखंडी हँडल चटकतं आणि त्याच कपाटाशेजारचा लाकडी दरवाजा साधाच लागतो, कारण आता वस्तू हातापेक्षा गरम, उष्णता उलटी येते आणि धातू ती भसाभस देतो. आणि मधे कधीतरी दोन्ही हाताइतकेच म्हणजे ३३ च्या आसपास असतात तेव्हा डोळे मिटून हात लावला तर गार-गरमवरून ओळखताच येत नाही. मार्चएप्रिलमधे करून बघायला सांगा तिला.