मदत हवी आहे: मेजर केमिस्ट्री घेऊ की मायक्रो?

नमस्कार मंडळी. एफवाय बीएस्सी झालंय, नाशिकमध्येच. नवीन शैक्षणिक धोरणामुळे पहिल्या वर्षी तीन विषय सारखेच होते, आता एक मेजर (मुख्य), एक मायनर (दुय्यम) करायचा आणि तिसरा सोडायचा. माझे केमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी आणि बॉटनी. बॉटनी सोडणार हे नक्की (वाळवलेल्या झाडपाल्याच्या, म्हणजे हर्बेरियमच्या, फाइलने जीव घेतला होता). अडलंय बाकीच्या दोघांत.

मन मायक्रोत आहे. पहिल्यांदा ग्रॅम स्टेनिंग (बॅक्टेरिया रंगवून ओळखायची पद्धत) नीट जमलं आणि भिंगाखाली जांभळे ठिपके दिसले, तेव्हा प्रॅक्टिकल संपलं तरी उठवेना. पण मामा अंबडला एका कंपनीत आहे, तो म्हणतो, सातपूर-अंबडच्या कंपन्यांच्या क्यूसी (मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या) लॅबमध्ये आधी विचारतात एचपीएलसी (नमुन्यातले घटक वेगळे करून मोजायचं मशीन) येतं का, म्हणून केमिस्ट्रीच घे. पप्पांचं वेगळंच. आमची पिंपळगावजवळ द्राक्षबाग आहे, युरोपला जाणाऱ्या मालाचा रेसिड्यू रिपोर्ट (फवारणीच्या औषधाचा अंश किती उरलाय त्याचा) आल्याशिवाय कंटेनर हलत नाही, त्यामुळे त्यांच्या मते जगात ही रेसिड्यू तपासायचीच एक नोकरी! मला मात्र वायनरीतलं फर्मेंटेशन खुणावतं. घरी अजून बोलले नाहीये.

कॉलेजच्या खिडकीवर विचारलं तर "फॉर्म भर, मग बघू" एवढंच उत्तर.

इथे कोणी फार्मा, फूड किंवा वायनरीच्या लॅबमध्ये असेल तर प्लीज सांगा: मायक्रो मेजर आणि केमिस्ट्री मायनर असेल तर फ्रेशरला क्यूसीत घेतात का? आणि मायनरच्या जोरावर पुढे एमएस्सी अ‍ॅनालिटिकल केमिस्ट्रीला प्रवेश मिळालेलं कोणी आहे का? सोमवारपर्यंत फॉर्म द्यायचाय.